वाटेचे राखणदार



गोव्यात आणि कोकणात अनेक गावांच्या सीमेवर राखणदाराचे स्थान असते. तो गावाची सीमा राखतो, रात्री-अपरात्री वाट चुकलेल्या वाटसरूला मार्गावर आणून सोडतो, अशी परंपरागत श्रद्धा आहे. या श्रद्धेच्या मुळाशी एक व्यावहारिक शहाणपण दडलेले आहे. शेताला धनी असतो आणि घराला मालक असतो. परंतु गावची पाणंद, नदीकाठची वाट, देवराई, तळ्याचा काठ, खेळाचे मैदान, शहरातले उद्यान यांना असा एक धनी नसतो. त्या सर्वांच्या मालमत्ता होत. जे सर्वांचे ते पाहता पाहता कोणाचेच नाही असे होऊन बसते. म्हणून अशा मालमत्तेला मालकापेक्षाही राखणदाराची अधिक गरज असते. हा राखणदार कोणी व्हावे, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पूर्वीच्या काळी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. राजाने किंवा धनिकाने द्यावे व प्रजेने घ्यावे, अशी ती व्यवस्था होती. वाटसरूंसाठी विहिरी, घाट व धर्मशाळा बांधणाऱ्या अहिल्यादेवी होळकरांचे स्मरण इंदूर-महेश्वरपासून थेट काशीपर्यंत आजही होते. बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८७९ साली उभी राहिलेली कमाटी बाग आज सयाजी बाग या नावाने ओळखली जाते. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोई घालणे हे तर सामान्य गृहस्थाचेही पुण्यकर्म मानले जाई. हे दातृत्व थोर होते यात संशय नाही. परंतु लोकशाहीत राजा राहिला नाही आणि राजाची जागा जनतेने घेतली. मग राजाचे कर्तव्यही जनतेकडे आले पाहिजे, हे ओघानेच येते. प्रत्यक्षात मात्र अधिकार घेतले गेले व कर्तव्य शासनाच्या खात्यावर टाकून दिले गेले, असे अनेक ठिकाणी दिसते. उद्यानाचे कुंपण मोडले तर नगरपालिकेला दोष द्यावा आणि पाणंद बुजली तर तलाठ्याकडे बोट दाखवावे, एवढ्यावर नागरिकाचे काम संपते.

शासनाने काय करावे, लोकांनी काय करावे आणि या दोहोंची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ ज्या एका वाटेच्या इतिहासात मिळतो, ती वाट आपल्या देशातली नाही. ती अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन पर्वतराजीतून जाते. दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून जाणाऱ्या या पायवाटेची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. ही वाट ना सैन्याने बांधली, ना व्यापाऱ्यांनी. तिची कल्पना एका नागरिकाने मांडली, तिचा फार मोठा भाग हौशी नागरिकांनी आखला, आणि आजही तिची डागडुजी मुख्यतः स्वयंसेवकच करतात.

बेंटन मकाय या वनशास्त्रज्ञाने ऑक्टोबर १९२१ मध्ये वास्तुशास्त्रज्ञांच्या एका नियतकालिकात लेख लिहून ही कल्पना प्रथम मांडली. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत राबणाऱ्या शहरी माणसाला डोंगराच्या सान्निध्यात चार दिवस मोकळा श्वास घेता यावा, असा त्याचा हेतू होता. लेख लिहून तो थांबला नाही. ठिकठिकाणच्या गिरिभ्रमण मंडळांना भेटून त्याने ही कल्पना पटवून दिली. १९२३ साली न्यू यॉर्क राज्यातील बेअर माउंटन परिसरात वाटेचा पहिला तुकडा खुला झाला. मार्च १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे बैठक भरून या कार्यासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली.

मात्र संस्था स्थापन झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. पुढची काही वर्षे प्रत्यक्ष प्रगती मंदच होती. ती गती देण्याचे श्रेय प्रामुख्याने आर्थर पर्किन्स आणि मायरन एव्हरी या दोन कायदेपंडितांकडे जाते. एव्हरी हा सुटीच्या दिवशी सायकलचे चाक लावलेले मोजयंत्र ढकलीत डोंगरातून हिंडे. त्याने वाटेचा इंच न् इंच मोजला, जेथे मंडळ नव्हते तेथे मंडळ उभे केले आणि वाटेचे मार्गदर्शक नकाशे सिद्ध केले. १९३६ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपूर्ण वाट पायी चालून जाणारा तो पहिला मनुष्य ठरला. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेन राज्यातील शेवटचा तुकडा पुरा झाला. हा तुकडा, मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने उभारलेल्या दलाने खोदला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कल्पना निघाल्यापासून अवघ्या १६ वर्षांत लोकश्रमाच्या आणि शासनाच्या हातांनी ही वाट सलग झाली.

या इतिहासात मतभेदही झाले. १९३०च्या दशकात व्हर्जिनियातील शेनांडोआ परिसरात डोंगराच्या माथ्यावरून मोटारीचा रस्ता काढण्याचे सरकारने ठरविले. रस्ता आला की अरण्याची शांतता गेली, म्हणून त्यास विरोधच केला पाहिजे, असे मकायचे मत होते. रस्ता टळणार नाही, तेव्हा पायवाट थोडी बाजूला घेऊन ती अखंड ठेवावी, असे एव्हरीचे मत होते. दोघांचे बिनसले ते कायमचेच. मकाय पुढे १९३५ साली अरण्यरक्षणासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि एव्हरी १९५२ पर्यंत वाटेच्या संस्थेची धुरा वाहत राहिला. आज दोघांकडे पाहताना कोणाचाही पक्ष घेण्याचे कारण नाही. एकाने वाटेला अर्थ दिला, दुसऱ्याने वाटेला अस्तित्व दिले. ज्या गावात केवळ विचार सांगणारे असतात तेथे काम उभे राहत नाही. जेथे केवळ राबणारे असतात तेथे आपण कशासाठी राबतो हेच पुढे विसरले जाते.

१९३७ नंतरचा काळ हा खरा कसोटीचा होता. १९३८ साली न्यू इंग्लंडमध्ये मोठे चक्रीवादळ झाले व हजारो झाडे वाटेवर आडवी पडली. पाठोपाठ महायुद्ध आले आणि राखणारे हात दूर गेले. वाट अनेक ठिकाणी तुटली. ती पुन्हा सलग होण्यास १९५१ साल उजाडले. अवघ्या १४ वर्षांत एकदा जोडलेली वाट दुसऱ्यांदा जोडावी लागली! बांधकाम ही एकदाची गोष्ट असते आणि राखण ही रोजची, हा धडा त्यातून मिळतो. आपल्याकडे उद्घाटनाच्या कोनशिला पुष्कळ दिसतात. राखणीची कोनशिला कोठेही नसते.

१९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची, ११ मुलांची आई असलेली एक ग्रामीण स्त्री साधे कापडी बूट घालून व खांद्यावर एक कापडी पिशवी टाकून या वाटेने एकटीच निघाली. एका मासिकातील वाटेचे सुंदर वर्णन तिने वाचले होते. मे महिन्यात निघून सप्टेंबरमध्ये तिने ती पुरी केली. एकट्याने ही वाट एका दमात संपूर्ण चालणारी ती पहिली स्त्री होय. परंतु तिचे महत्त्व तेवढ्यापुरते नाही. वाटेत तिला भेटलेल्या वार्ताहरांना तिने स्पष्टपणे सांगितले की ही वाट मासिकात वर्णिलेल्या वाटेसारखी मुळीच नाही. झाडे आडवी पडली आहेत, खुणा पुसल्या आहेत, निवारे मोडले आहेत. तिचे हे बोल देशभरातील वृत्तपत्रांत छापून आले आणि वाटेच्या दुरवस्थेकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. ज्याने वाट पायांखाली घातली आहे त्याच्या तक्रारीला वजन असते. अनुभवातून आलेला एक साधा शब्द दहा निवेदनांचे काम करतो.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग. वाट लोकांनी राखली खरी, परंतु जमीन लोकांची नव्हती. वाटेचा बराचसा भाग खासगी जमिनीतून जात होता आणि पुष्कळ ठिकाणी परवानगी होती ती केवळ तोंडी, विश्वासाची. जमिनीचा मालक बदलला, वारस आला, कोठे वसाहत झाली, की वाट उठवून डांबरी रस्त्यावर आणावी लागे. कितीही श्रम केले तरी जमिनीच्या कागदापुढे ते निष्फळ ठरत. हे ओळखून मंडळांच्या कार्यकर्त्यांनी कुदळीबरोबर लेखणीही हाती घेतली. लोकप्रतिनिधींना भेटणे, निवेदने देणे, समित्यांपुढे साक्ष देणे हे काम वर्षानुवर्षे चालले. २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय पायवाटांचा कायदा संमत झाला व त्यात या वाटेला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

येथे कोणालाही वाटेल की लढा संपला. प्रत्यक्षात कायदा झाला तरी जमीन संपादनाचे काम रेंगाळतच राहिले. तेव्हा कार्यकर्त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला. दहा वर्षांनी, मार्च १९७८ मध्ये, कायद्यात दुरुस्ती होऊन जमीन खरेदीसाठी ९ कोटी डॉलरपर्यंत खर्च करण्यास मंजुरी मिळाली. त्यानंतर मात्र कामाने वेग घेतला. या संपादनाबद्दल काही जमीनधारकांच्या तक्रारी होत्या, हेही सांगितले पाहिजे. सार्वजनिक हिताच्या प्रत्येक कामात कोणाची तरी खासगी अडचण होत असते. तिची दखल घेऊन समजुतीने मार्ग काढणे हे शासनाचेही कर्तव्य आहे आणि लोकसंस्थांचेही.

पुढे १९८४ साली एक अभिनव व्यवस्था झाली. शासनाने वाटेसाठी घेतलेल्या जमिनींच्या देखभालीची जबाबदारी करार करून लोकसंस्थेकडे सोपविली. जमीन शासनाची, कायदा शासनाचा, गंभीर गुन्ह्याचा बंदोबस्त शासनाचा आणि दैनंदिन राखण लोकांची, अशी ही वाटणी आहे. आज सुमारे ३० स्थानिक मंडळे वाटेचे तुकडे वाटून घेऊन सांभाळतात. प्रत्येक तुकड्याला नेमून दिलेला स्वयंसेवक असतो. तो पडलेली झाडे बाजूस करतो, माजलेली झुडपे छाटतो आणि झाडांच्या बुंध्यांवरील पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा पुन्हा रंगवितो. पावसाचे पाणी वाटेवरून वाहू लागले की माती धुपते. म्हणून वाटेला तिरपे ओंडके किंवा दगड बसवून पाणी बाजूला काढून देणे हे त्याचे मुख्य काम असते. काही स्वयंसेवक केवळ हद्द तपासत हिंडतात. हद्दीचे दगड जागेवर आहेत की नाहीत, कोठे अतिक्रमण झाले आहे काय, हे पाहून ते लेखी अहवाल देतात. यंत्राची करवत वापरावयाची तर आधी प्रशिक्षण व प्रमाणपत्र लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन नावाच्या चक्रीवादळाने उत्तर कॅरोलिना, टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांत वाटेची फार मोठी हानी केली. तेव्हा प्रथम लोकांना वाटेपासून दूर राहण्यास सांगण्यात आले आणि नंतर प्रशिक्षित स्वयंसेवकांची पथके शासकीय कर्मचाऱ्यांसह झाडे कापण्यास गेली. उत्साहाला शिस्तीची जोड असल्याविना असे काम सुरक्षितपणे होत नाही.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येईल. सार्वजनिक वाट किंवा उद्यान टिकते ते श्रम, आवाज आणि कायदा या तीन गोष्टी एकत्र येतात तेव्हा. नुसता श्रम केला तर जमीन हातची जाते. नुसता आवाज उठविला तर तो पोकळ ठरतो. नुसता कायदा केला तर तो कपाटात पडून राहतो. त्यातही श्रम आणि आवाज ही दोन वेगळी माणसे नसावीत, ती एकाच माणसाची दोन कर्तव्ये असावीत. ज्याने वाटेवरचा दगड उचलला आहे त्याला त्या वाटेबद्दल बोलण्याचा नैतिक अधिकार असतो आणि अधिकाऱ्यालाही त्याचे म्हणणे टाळता येत नाही.

आपल्या देशात या तिन्ही गोष्टींना आधार नाही असे मुळीच नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांत वने, सरोवरे व नद्या यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला दोन अनुसूची जोडल्या गेल्या. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांत सामूहिक मालमत्तेची देखभाल हा विषय आहे आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

न्यायालयांनीही या बाबतीत नागरिकांना बळ दिले आहे. बंगळूर शहरातील एका वसाहतीत सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवलेला भूखंड एका खासगी शुश्रूषागृहासाठी देण्यात आला होता. तेथील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निर्णय दिला. उद्यानासाठी राखलेली जागा ही सर्व लोकांच्या हिताची बाब आहे, ती अशी परस्पर दुसऱ्या कामाला देता येणार नाही आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार तेथील रहिवाशांना आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. रुग्णालय हेही चांगलेच काम आहे. परंतु एका चांगल्या कामासाठी दुसऱ्या सार्वजनिक हिताचा बळी देता येत नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

खेड्यांच्या दृष्टीने २०११ सालचा निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. पंजाबातील पतियाळा जिल्ह्यात एका गावाच्या तळ्याची जागा भराव घालून बळकावली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा कब्जा कायम करण्यास नकार दिला. तसेच गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करून त्या गावकऱ्यांच्या सामाईक उपयोगासाठी परत देण्याच्या योजना तयार कराव्यात, असा आदेश सर्व राज्यांना दिला. भूमिहीनांना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनी, तसेच शाळा-दवाखान्यासारख्या सोयी असलेल्या जागा यांबाबत अपवादाची वाटही न्यायालयाने मोकळी ठेवली. म्हणजे गरिबाचे घर मोडण्यासाठी नव्हे, तर बलवानाचा कब्जा उठविण्यासाठी हा निर्णय आहे.

मग गावाने आणि शहराने प्रत्यक्ष काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे नोंद. गावात सार्वजनिक वाटा, तळी, मैदाने, देवराया किती, हे शाळेतील मुलांनी वृद्ध ग्रामस्थांना विचारून एका कागदावर उतरवावे. शिक्षकांनी त्याचा नकाशा करून घ्यावा. भूगोलाचा याहून चांगला पाठ कोणता असणार? मग तो नकाशा जमिनीच्या उताऱ्यांशी व गावाच्या मूळ नकाशाशी ताडून पाहावा. जी वाट कागदावर आहे पण जागेवर नाही आणि जी जागेवर आहे पण कागदावर नाही, अशा दोन याद्या तयार होतील. त्या ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करावा व त्याची प्रत तहसील किंवा मामलेदार कचेरीत देऊन पोच घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे वाटणी. एक दिवसाचे श्रमदान, छायाचित्र आणि अल्पोपाहार यांनी काही साधत नाही. प्रत्येक तुकड्याला नाव घेऊन एक कुटुंब, एक तरुण मंडळ, एक महिला मंडळ नेमून द्यावे. पावसाळ्यापूर्वी पाण्याचे चर मोकळे करणे, पावसाळ्यानंतर माजलेले रान कापणे, वर्षातून दोनदा हद्द पाहणे, एवढे जरी नियमाने झाले तरी पुरे. त्यासाठी कुदळ, फावडे, घमेले, पहार आणि कोयता याहून अधिक साहित्य लागत नाही. शहरातील उद्यानात हेच काम झाडांना आळी करणे, कचरा वेगळा करणे, मोडलेल्या बाकाची लेखी वर्दी देणे अशा स्वरूपाचे असेल.

तिसरी गोष्ट अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावयाची आहे. स्वयंसेवक हा फुकटचा मजूर नव्हे. नगरपालिकेच्या माळ्याची जागा रिकामी ठेवण्यासाठी त्याचा उपयोग होऊ नये. जमीन निश्चित करणे, हद्द कायम करणे, निधी देणे आणि अतिक्रमण हटविणे ही कामे शासनाचीच आहेत. ती दुसऱ्या कोणाला करता येत नाहीत. तसेच निवेदन घेऊन येणारा नागरिक हा त्रासदायक माणूस नसून शासनाचा न नेमलेला पहारेकरी आहे, या भावनेने त्याचे स्वागत व्हावे. त्याच्या अर्जाला मुदतीत लेखी उत्तर मिळाले तर निम्मे असंतोष आपोआप मावळतील.

ॲपलेशियन वाटेच्या राखणदारांपैकी पुष्कळांनी ती संपूर्ण कधीच चाललेली नसते. आपल्या वाट्याचे चार-पाच किलोमीटर ते वर्षानुवर्षे सांभाळतात आणि अनोळखी माणसे त्यावरून सुखाने पुढे जातात. पाणपोई घालणाऱ्यालाही, पाणी पिऊन कोण गेला, हे ठाऊक नसे. हे पुण्यकर्म आपल्या परंपरेत आहेच. त्याला नोंदीची, नियमिततेची आणि निर्भय आवाजाची जोड मिळाली, तर गावच्या सीमेवरील राखणदाराला सोबती मिळतील आणि पुढच्या पिढीला तिची पाणंद, तिचे तळे व तिची बाग शाबूत हाती येईल.